चारशे घोडे आणि मदर बिव्हन्स

अख्ख्या मेकन शहरात गाडी माणसाच्या चालीने हाकावी ती ल्यूशियस टॉलिव्हरनेच, असं खुद्द ल्यूशियसचं ठाम मत होतं. आणि का नसावं? सलग नऊ वर्षं ऑगस्टच्या वार्षिकोत्सवाला चर्चमधल्या सगळ्यात वडील बाई, मदर बिव्हन्स, त्याच्याच एकोणसत्तर सालच्या लाल गाडीत बसून जुन्या चर्चच्या जागेवरून नव्या चर्चला येत. पुढे गायकवृंद संथ स्तोत्र गात चालणार, मागून गाडी मुंगीच्या पावलांनी. मैलभर वाटेला अर्धा तास. चर्चचा कारभार बघणारा डीकन क्रेनशॉ आपली लांबलचक मऊ गाडी पुसून दरवर्षी आशेने उभा राही आणि ल्यूशियस त्याला दरवर्षी खिडकीतून हात करी.

एरवी ती गाडी शनिवारीच बाहेर निघे. जुलैतल्या अशाच एका शनिवारी सिग्नल सुटला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची बॅटरीवरची गाडी त्याच्या पुढे निघून गेली. तीही आवाज न करता! अपमान करायचा तर माणसाने निदान तोंडावर करावा. ल्यूशियस तडक आपला मेहुणा रोस्को याच्या गॅरेजात गेला आणि शर्यतीचा कॅमशाफ्ट, थोरला कार्बुरेटर, मोकळा सायलेन्सर असा सगळा साज बसवून घेतला.

रोस्कोने समजावून पाहिलं. "दाजी, हे इंजिन आता पळण्यासाठी आहे. हळू चालवलंत तर धापा टाकेल. बंद पडू नये म्हणून मी त्याचा वेग चढवून ठेवलाय, त्यामुळे पाय न लावताही गाडी पुढे ओढ घेणार. ब्रेकलाही पूर्वीचा जोर राहायचा नाही."

प्रवचन करायला आपल्याकडे रेव्हरंड आहेत, असं सुनावून ल्यूशियस घरी आला.

उत्सवाच्या रविवारी त्याने किल्ली फिरवली मात्र, गायकवृंदाची पहिली ओळ कुठच्या कुठे विरून गेली. गाडी जागच्या जागी अशी थरथरत होती, जणू चारशे घोडे एकाच खोलीत कोंडून कुणी बाहेरून कडी लावली होती. मदर बिव्हन्सनी एका हाताने टोपी धरली, दुसऱ्या हाताने दार, आणि डोळे मिटले.

मिरवणूक निघाली. गायकांच्या शेवटच्या रांगेत ल्यूशियसची बायको व्हर्लीन होती. शंभर पावलांवर तिने मान वळवली.

"अहो, तुमचा बंपर माझ्या झग्याला लागतोय."

"मग पाय उचल ना जरा."

"स्तोत्र संथ आहे."

"गाडी नाहीये!"

व्हर्लीनने पाय उचलले. तिच्या पुढच्यांनाही उचलावे लागले. चाल वाढली तसा सूर वाढला. जे स्तोत्र ऐकताना म्हाताऱ्यांचे डोळे पाणावत, ते लग्नातल्या नाचाच्या ठेक्यावर गेलं. मग बायकांनी पायातले उंच टाचांचे बूट काढून हातात घेतले. शेवटच्या उतारावर तर कुणी गातच नव्हतं. सगळे नुसते देवाचं नाव घेत पळत होते, आणि मागून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलेला ल्यूशियस ओरडत होता, की नीट रांगेत चाला.

अर्ध्या तासाची वाट आठ मिनिटांत सरली. स्वागताच्या खुर्च्यांपासून वीतभर अंतरावर, फुलांच्या वाफ्यात, गाडी बार काढून थांबली. रेव्हरंड अजून झगा चढवत होते. स्वयंपाकघरात कोंबडी अजून तळायचीच होती.

उत्सवाच्या समितीने तिथेच ठरवलं : पुढल्या वर्षीपासून मदरना क्रेनशॉ आणील. ल्यूशियस खवळला. वेळेआधी पोचणं हा कधीपासून गुन्हा झाला? नऊ वर्षांच्या सेवेचं हेच फळ? विचारा मदरनाच!

सगळे वळले. मदर बिव्हन्सनी डोळे उघडले, टोपी सरळ केली.

"लेका, शनिवारी दहा वाजता घरी ये. मला त्या मोठ्या रस्त्यावर घेऊन चल आणि हिचा खरा वेग दाखव. असं सुख मी एक्क्याण्णव वर्षांत भोगलं नाही." क्रेनशॉचा चेहरा पडला, तशा त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "रविवारी मात्र तू ये रे. रविवारी मला चर्चला जायचं असतं. थेट देवापाशी नव्हे."

घरी येईपर्यंत ल्यूशियस धुमसत होता. त्याची विटंबना झाली होती, जाहीर विटंबना, आणि आता आपण कुणाच्या दारात पाऊल टाकणार नाही, हे त्याने व्हर्लीनला तीनदा बजावलं.

तिने सुजलेले पाय गरम पाण्यात सोडले. "मग शनिवारचं काय?"

"पावणेदहाला निघतो," तो फणकारला. "मदरना ताटकळत ठेवायचं म्हणतेस की काय?"