मारोतीला कोणी धरलं नाही

अन्याय झाला तो मारोती डोमाजी मुनेश्वर याच्यावर. वय वीस, बी.ए.चं दुसरं वर्ष, यवतमाळच्या आमच्या कॉलेजातला कबड्डीचा गडी. कधी झाला? गेल्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. पंचाने शिट्टी फुंकण्याआधी घड्याळ पाहिलं होतं, म्हणून मिनिटासकट सांगतो. कुठे? आर्णीच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव छापत नाही. ते एकच गाव असतं तर छापलं असतं.

काय केलं त्याला? काही नाही. कोणी हातच लावला नाही.

विहिरीवरून हाकललं तर त्याला कायदा आहे. हॉटेलात कप वेगळा ठेवला तर त्यालाही कायदा आहे. तो कोणी पाळत नाही ही गोष्ट निराळी. पण कबड्डीत एखाद्याचा घोटा धरला नाही, याची फिर्याद कुठल्या ठाण्यात लिहून घेतील? मी एका ओळखीच्या जमादाराला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "जिंकला ना तो पोट्टा? मंग?"

आता मारोती कसा आहे ते सांगतो. नाहीतर तुम्ही त्याची कीव कराल, आणि कीव त्याला अजिबात चालत नाही.

मारोती वर्गात सरळ शिरत नाही. दाराशी थांबतो, पायाच्या अंगठ्याने उंबरठा शिवतो आणि डावा खांदा पुढे काढून तिरका आत येतो. इतिहासाचे प्राध्यापक हजेरी थांबवून म्हणतात, "या मुनेश्वर, करा चढाई." बाहेर जातानाही तसंच. पाठ कोणाकडे करायची नाही, उलटं चालत रेघ गाठायची. असा उलटा चालताना तो एकदा प्राचार्यांवरच आदळला. माफी मागायची सोडून म्हणाला, "सर, तुमी मधले गडी. जागचे हालत नाही."

तो सगळ्या जगाला अशा जागा वाटून देतो. मेसचा आचारी डावा कोपरा, कारण दुसरी पोळी घ्यायला गेलं की मनगट धरतो. ग्रंथपाल उजवा कोपरा. मी त्याच्याच संघात खेळतो, पण माझं नाव त्याने 'पत्रक' ठेवलं आहे, कारण माझ्या काखेत कसल्या ना कसल्या पत्रकांचा गठ्ठा असतो. "पत्रक, तू गडी नाही बे," तो मला ऐकवायचा, "तू पंच हायेस. रेघेबाहेर उभा राहून शिट्टी फुकतं."

अभ्यास तो एका दमात करतो. छाती भरून घ्यायची, परिच्छेद संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही. मध्येच दम तुटला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्यामुळे आखूड लिहिणारे लेखक त्याला तोंडपाठ, आणि लांबलचक लिहिणाऱ्यांच्या पेपरात तो नापास. पानिपतावर तीन दिवस अडकला होता. चौथ्या दिवशी लालबुंद होऊन पुस्तक माझ्या खाटेवर फेकलं. "सैन्यच सरत नाही लेका! लिहिणाराले पूर्णविराम मालूम नाही का?"

छप्पन साली आईबापांसोबत नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली. घरातले देव गेले, याचं नाव मात्र मारोतीच राहिलं. त्यावरून पोरं त्याला छेडायची. तो म्हणायचा, "देव गेला, नाव राह्यलं. हॉल तिकिटावर तेच छापलं हाये, काय करता?"

त्याला गावचं काही ठाऊक नव्हतं असं समजू नका. शाळेत ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलेला मुलगा आहे तो. मी पत्रकातली वाक्यं ऐकवायला लागलो की हात वर करायचा. "विहिरीचं मले नको सांगू. मी त्याच गावातून आलो." पण तो चिडायचा नाही, कारण त्याच्याकडे एक जागा होती. चुन्याच्या चार रेघांची. "चुन्याच्या आत सारे बराबर," हे त्याचं घोटलेलं वाक्य. "पाटलाच्या विहिरीवर चढलो नाही कधी, पन पाटलाच्या पोरावर चढाई केली. तो बाद, मी जिंकलो. आखीन काय पाह्यजे?"

आणि खरंच, त्याला कोणी पकडू शकत नसे. शाळेपासून सहा वर्षं. चढाईला जायचा, दोघातिघांना शिवून हलत डुलत परत यायचा. आम्हाला त्याचा कोण अभिमान! समोरचे संघ म्हणायचे, हा अंगाला तेल लावतो. पांढरकवड्याच्या सामन्यात तर त्यांच्या कप्तानाने खेळ थांबवला. "तेल लावते जी हा. हातात राहातच नाही." पंचाने खिशातून रुमाल काढला, मारोतीकडे पाहिलं आणि रुमाल माझ्या हातात दिला. "तुमी पुसून पाहा." मी त्याची पाठ पुसली, दंड पुसले, पोटऱ्या पुसल्या. रुमालाला नुसती माती लागली. आम्ही सगळे हसलो. मारोती सगळ्यांत मोठ्याने हसला.

रुमाल पंचाचा होता, तर पंचाने स्वतः का पुसलं नाही? हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी मैदानाच्या कडेला माझा गठ्ठा पडला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत 'अस्पृश्यता गाडा' असं छापलेलं होतं.

मग तान्हा पोळा आला. सकाळी लहान लहान पोरं लाकडी बैल ओढत गावभर फिरली. दुपारी शाळेपुढे सामना. त्या गावची पोरं धिप्पाड, नांगर धरणारी. मारोती रेघ ओलांडून गेला की हीच धिप्पाड पोरं हात पाठीमागे घेऊन मागे मागे सरकत. तो ओरडे, "धरा ना बे! खेळून राह्यले का पळून राह्यले?" लोक पोट धरून हसत होते. शेवटच्या डावात त्यांचे सातही गडी बाद झाले. पाच मारोतीने मारले, दोन मी.

सामना संपल्यावर गावाने आम्हाला कडुनिंबाखाली भजी खायला दिली. मारोतीला जिंकल्यावर हरलेल्यांना काहीतरी खाऊ घालायची खोड आहे. मूठभर भजी घेऊन तो त्या पोरांना शोधत शाळेमागे गेला. खूप वेळ आला नाही म्हणून मी गेलो. भजी तशीच मुठीत, आणि तो भिंतीला टेकून उभा.

"पत्रक, तू किती मारले?"

"दोन."

"मी पाच. मोज." त्याने हनुवटीने दाखवलं. "तुये दोन कोरडे हायेत."

समोर विहिरीजवळ सात पोरं होती. पाच जणांच्या केसांतून पाणी गळत होतं, चड्डी बनियन अंगाला चिकटलेले. दोघे कोरडे ठणठणीत, गुळाचा खडा चोखत बसलेले. पाचांतल्या एकाची आई काठावरून ओरडत होती, "आखीन एक गुंड पानी घे डोक्शावरून! मंगच पाय टाक घरात!"

मला कळायला थोडा वेळ लागला. मारोतीला लागला नव्हता.

मी त्या बाईवर धावून जाणार होतो. भाषण माझ्या ओठांवर तयार होतं. मारोतीने मला अडवलं. "कायले? तिचा पोरगा थंडीनं काकडून राह्यला. जाऊ दे त्याले घरी."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. मग म्हणाला, "सहा वर्षं झाले. मी जिंकलोच नाही बे. त्यायनं मले सोडून देलं." आणखी थोड्या वेळाने: "मले आता पाह्यचं हाये. मी गडी हाये का इटाळ हाये?"

वाचणाऱ्यांनो, यात नेमकं काय चोरीला गेलं ते समजून घ्या. दिवाळीनंतर नागपूरला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. आमच्या कॉलेजातून जाणारा एकच गडी, मारोती. आणि त्या मुलाला पकडीतून सुटता येत होतं की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. सहा वर्षांत त्याला कोणी धरलंच नव्हतं, तर तो सुटायला शिकणार कुठे?

त्या दिवसापासून त्याला नवा नाद लागला. वसतिगृहाच्या ओसरीवर खडूने रेघ मारायची, मध्ये उभं राहायचं आणि येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायचं, "धर मले." आमच्याच संघातली पोरं! एकाचं मनगट मुरगळलेलं. एकाचा उपास. एकाने नुकताच धुतलेला शर्ट घातलेला. कप्तानाला मी गाठलं, तर तो म्हणतो, "तो सुटतोच. मग धरून फायदा काय?" ही पोरं दोन वर्षं सरावात त्याच्या समोर उभी राहिली होती आणि दर वेळी 'निसटला, निसटला' म्हणून ओरडली होती.

आणि मी? मी त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपतो, त्याच्या ताटातलं उचलून खातो. पण सरावात मी कायम त्याच्याच बाजूने खेळलो. त्याचा घोटा मी पहिल्यांदा धरला तो त्या आठवड्यात. धरला तर मारोती जागच्या जागी उभाच राहिला. 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता थांबला आणि खाली वाकून मला विचारतो, "आता काय करतेत बे?"

आम्ही रोज संध्याकाळी करायला लागलो. माझ्या पकडीतून तो आठ दिवसांत सुटायला शिकला. पण माझ्यासारख्या काडी पैलवानाची पकड ती काय! आणि एका माणसाची साखळी होत नाही.

नागपूरला गेलो. तिथे बनियनवर नावं नव्हती, आकडे होते. मारोती नऊ नंबर. तिथली पोरं फार सुधारलेली होती असं मी म्हणणार नाही. त्यांना त्याची जात माहीत नव्हती, एवढंच.

पहिल्याच चढाईत कोपऱ्यातल्या एका बुटक्या, जाड्या पोराने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्याने कंबर. तिसऱ्याने पाय. मारोती आडवा झाला, त्याच्यावर चौघं पडले, आणि त्याचा दम तुटला. मी रेघेशी उभा होतो. ढिगाखालून त्याचं तोंड तेवढं दिसत होतं. दातांत माती, आणि तो हसत होता. दुसऱ्या चढाईला तो त्याच जाड्यासमोर गेला. पुन्हा धरला गेला. तिसऱ्यांदाही तेच. निवड करणाऱ्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हाक मारली, "नऊ नंबर, बाहेर ये. चपळ आहेस रे. पण पकडीतून सुटायला तुला कोणी शिकवलंच नाही का?"

"नाही जी," मारोती म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नाही.

निवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कळंबला एसटीतून उतरलो आणि त्याच्या गावाकडे चालत निघालो. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. तो आपला सारखं मनगट पाहत होता. मनगटावर निळ्या काळ्या पाच खुणा उठल्या होत्या. रस्त्यात भेटेल त्याला तो मनगट दाखवत होता. बैलगाडीवाल्याला दाखवलं, कापूस वेचणाऱ्या बायांना दाखवलं. "पाच बोटं हायेत. मोजा."

घरी आईने बघताच हातातलं सूप टाकलं. "कोनं मारलं रे तुले?"

"मारलं नाही वं माय. धरलं."

"काहून?"

"खेळात. नागपूरच्या पोरानं."

तिने त्याचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं. एकेका खुणेवर आपलं एकेक बोट ठेवून पाहिलं. तिची बोटं आखूड पडली. "मोठा पंजा हाये त्याचा," ती म्हणाली.

"व्हय. लय जोरात धरलं होतं. सोडतच नव्हता."

ती उठून हळद गरम करून घेऊन आली. त्याने हात मागे घेतला. "नको लावू. खुना जातीन."

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हळदीची वाटी बाजूला सारली, मनगट पुन्हा मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली. मारोती काही बोलायला गेला आणि त्याचा दम तुटला. मी उठून अंगणात गेलो.

मारोतीला अजून एक वर्ष आहे. निवड पुन्हा दिवाळीनंतर. रोज संध्याकाळी तो मैदानावर असतो, आणि त्याच्या समोर अजून मी एकटाच असतो.

मला तुमची सही नको. वर्गणी नको. सभेत ठराव करून टाळ्या वाजवू नका, आणि हे वाचून हळहळूही नका. तुमच्या गावातही असा एक न धरलेला गडी आहे. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. उद्या संध्याकाळी मैदानात उतरा, त्याच्या समोर उभे राहा, त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरा, आणि दम तुटेपर्यंत सोडू नका.