मेरोपीबाई आणि चाळीस मिनिटांचं ऑलिंपिया

"चाळीस मिनिटांत ऑलिंपिया? अरे, चाळीस मिनिटांत माझ्या कॉफीचा गाळसुद्धा खाली बसत नाही!"

मेरोपीबाईंनी हे ग्रीसमधल्या काताकोलो बंदराच्या धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात इतक्या मोठ्यांदा म्हटलं, की शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांचा सोंगट्यांचा डाव जागच्या जागी थबकला. बाईंचं वय एकसष्ट. त्यातली एकतीस वर्षं बोटीवरून उतरणाऱ्या पाहुण्यांना ऑलिंपियाचे अवशेष दाखवण्यात गेलेली. झ्यूसच्या देवळाचा कुठला खांब कुठल्या बाजूला पडलाय, हे त्यांना स्वतःच्या घरातल्या भांड्यांपेक्षा जास्त पाठ. "माझ्या हाताखालून गेलेल्या माणसाने एकही दगड चुकवलेला नाही," असं त्या छातीवरचा सरकारी परवान्याचा बिल्ला ठोकून सांगत. ऐकणारा मान डोलवत असे, कारण न डोलवणाऱ्याला ते दगड एकेक करून ऐकावे लागत.

आणि आता हा फीवोस! बोटीच्या कंपनीचा किनाऱ्यावरचा माणूस. तिशीचा, केसांना जेल, हातात टॅब्लेट. त्याने नवं वेळापत्रक पाठवलं होतं. ऑलिंपिया चाळीस मिनिटं, आठवणवस्तूंचा बाजार नव्वद मिनिटं!

"मेरोपीबाई, लोक दमतात हो उन्हात," फीवोस समजुतीच्या सुरात म्हणाला. "दगड काय, पुढच्या वर्षीही असतात."

"अडीच हजार वर्षं आहेत ते! आणि बाजारातले प्लास्टिकचे झ्यूस काय उद्या संपणार आहेत?"

"बाई, या मोसमात तुमच्याबद्दल दोन तक्रारी आल्यात. एकीत लिहिलंय, 'मार्गदर्शक बाईंनी आम्हाला बाजारात जाऊ दिलं नाही.' तिसरी आली, तर यादीतून नाव काढावं लागेल. मला वाईट वाटेल, पण काढीन."

फीवोस निघून गेला. बाई मात्र हसल्या. त्यांचं हसू पाहून त्यांचा बसचालक थ्रासोस कॉफी अर्धीच टाकून उठला. बावीस वर्षं तो त्यांची बस चालवत होता आणि हे हसू त्याने तीनदाच पाहिलं होतं. तिन्ही वेळा पोलीस आले होते.

"थ्रासोस, फीवोस साडेआठला माणसं मोजतो. आपण सव्वाआठलाच निघायचं! बाजाराचा वेळही आपलाच. परत यायचं ते बोट सुटायच्या आधी दहा मिनिटं."

"आणि माणसं कोण मोजणार, बाई?"

"माणसं काय, मेंढरं आहेत? चल!"

बाईंच्या गटाचा क्रमांक नऊ. स्कॉटलंडच्या निवृत्त शिक्षकांचा तो गट, सगळे लॅटिन आणि इतिहास शिकवलेले. असे पाहुणे म्हणजे बाईंना मेजवानीच! फलक म्हणजे काठीच्या टोकाला दोन स्क्रूंनी बसवलेली पत्र्याची गोल चकती. त्यातला वरचा स्क्रू कधी पडला, देव जाणे. बाईंनी काठी उंच धरली, धक्क्यावर नेहमीचा वारा सुटला आणि चकती गिरकी घेऊन खालच्या स्क्रूला लटकली. इंग्रजी नऊ उलटा झाला की काय होतं, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही.

सहा क्रमांकाचा गट आला. हॉलंडचं साठीपुढच्या पोहणाऱ्यांचं मंडळ. हे लोक हिवाळ्यात बर्फ फोडून पोहतात! आगिओस आंद्रेआसच्या किनाऱ्यावर पोहायला निघालेली ही चाळीस माणसं अंगावर बोटीचे पांढरेशुभ्र पंचे गुंडाळून शिस्तीत बसमध्ये चढली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, कारण त्या फीवोसवर नजर ठेवून होत्या. शेवटचा माणूस चढताच त्या ओरडल्या, "थ्रासोस, सोड!" आणि बस धक्क्यावरून अशी सुटली, जशी आगीतून फुटलेली लाही!

बाई पुढच्या सीटवर पाठमोऱ्या बसून ध्वनिक्षेपकावर बोलू लागल्या. नदी, ऑलिव्हच्या बागा, पवित्र वन. गट शांतपणे ऐकत होता. मग तिनेके नावाच्या, मंडळाच्या प्रमुख बाईंनी विचारलं,

"तिथे खोली किती आहे?"

"चांगली चार मीटर होती," मेरोपीबाई खूश झाल्या. काय अभ्यासू माणसं! "सगळं गाळाखाली होतं. जर्मनांनी येऊन खणलं."

बसमध्ये एकदम कुजबुज उठली. "जर्मन आधीच पोचले! किनारा दिसला की खड्डा खणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

"आणि कपडे कुठे काढायचे?" तिनेकेंनी पुढचा प्रश्न टाकला.

"वा! उत्तम प्रश्न! मैदानात उतरण्याआधीच काढायचे. अंगाला तेल चोळायचं आणि उतरायचं. चिंधीसुद्धा अंगावर चालायची नाही!"

आता बसमध्ये सगळ्यांनी पंचे आणखी घट्ट आवळले.

"चिंधीसुद्धा नाही?" मागून एक खोल आवाज आला. हे बाउदेवेन. वय एकाहत्तर, उंची दाराच्या चौकटीला न मावणारी, काखेत फुगवलेला रबरी राजहंस.

"नियमच होता तो. बायकांना मात्र प्रवेश नाही."

"हे काय चाललंय या देशात?" तिनेके कडाडल्या.

"तेव्हा हो, तेव्हा! आता सगळ्यांना मोकळीक आहे."

तेव्हा मंडळाने आपापसांत विचारविनिमय करून मध्यम मार्ग काढला. ऑलिंपियाच्या वाहनतळावर बस थांबली, मेरोपीबाई हसतमुखाने मागे वळल्या आणि त्यांच्या हातातून ध्वनिक्षेपक गळून पडला. समोर चाळीस माणसं, पोहण्याच्या पोशाखात, उन्हासाठी आणलेलं तेल चोपडून चकचकीत! जणू डब्यातले सार्डिन मासे उठून बसले होते.

नेमका तेव्हाच फीवोसचा फोन आला.

"बाई! कुणाला उचलून नेलंत?"

"माझ्याच माणसांना," बाई म्हणाल्या खऱ्या, पण नजर त्या चकचकीत चाळीस जणांवरच होती.

"तुमची माणसं आगिओस आंद्रेआसला आहेत! मीच पाठवली. उरलेली बस तीच, उरलेले लोक तेच. ते विचारत होते, 'हे प्राचीन आहे ना?' मी म्हटलं, समुद्र आहे, प्राचीनच असणार! आत्ताच्या आत्ता गाडी फिरवा!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक आपली होती, यात शंकाच नव्हती. पण गाडी फिरवली, तर अदलाबदलीतच दुपार व्हायची. ना यांना समुद्र, ना त्यांना दगड. सगळ्यांना मिळणार तो बाजार!

"फिरवणार नाही."

"बाई, यादीतून नाव गेलं समजा."

"नीट खोड. माझ्या नावात तीन अक्षरं आहेत, एखादं राहून जायचं!" आणि त्यांनी फोन बंद केला.

पण पाहुण्यांशी खोटं बोलायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ध्वनिक्षेपक उचलला. "मंडळी, चूक माझी आहे. हा समुद्र नाही. समुद्र मागे पाऊण तासावर आहे. तुम्ही म्हणाल तर गाडी फिरवते. नाहीतर पंचे गुंडाळा आणि माझ्यामागे या. मी तुम्हाला असं काही दाखवीन, की पाणी विसराल."

तिनेकेंनी मंडळाकडे पाहिलं. "जर्मनांनी खणलेला खड्डा आहे म्हणतात. आता आलोच आहोत, तर काय खणलंय ते बघून जाऊ."

आत शिरायच्या फाटकावर पानागोस हा पहारेकरी उभा होता. चाळीस पांढरे पंचे खांद्यावरून तिरपे बांधून, उघड्या दंडांनी येताना पाहून त्याने शिट्टी फुंकली.

"मेरोपीबाई! हा ऑलिंपिकच्या ज्योतीचा समारंभ आहे का? समारंभाला मंत्रालयाचं पत्र लागतं!"

"पंचे आहेत ते, पानागोस! आता अंग पुसायलाही मंत्रालयाला विचारायचं?"

"आणि ते रबरी जनावर? देवळात जनावर चालणार नाही."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "झ्यूसने राजहंसाचं रूप घेतलं होतं की नाही?"

"घेतलं होतं," पानागोस कुरकुरला. शाळेत शिकलेलं नाकारता येईना.

"मग मालकालाच त्याच्या घरात सोडत नाहीस?"

पानागोसने विचार केला. विचार करायची सवय नसल्याने त्याला वेळ लागला, तोवर गट आत गेलाही होता.

आणि मग जे झालं, ते बाईंनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पडक्या खांबांमधून पांढऱ्या पंच्यांची रांग निघाली, तशी बाकीच्या गटांची माणसं आपापल्या मार्गदर्शकांना सोडून धावली. "ज्योत पेटवणार! ज्योत पेटवणार!" कॅमेरे निघाले. बाउदेवेन हात जोडून उभे राहिले, तर तीन जपानी बायकांनी त्यांना वाकून नमस्कार केला. बघता बघता बाईंमागे दोनशे माणसं! बाईंनीही मागेपुढे पाहिलं नाही. देऊळ दाखवलं, झ्यूसची मूर्ती घडवणाऱ्या शिल्पकाराची कार्यशाळा दाखवली, फसवणाऱ्या खेळाडूंच्या दंडाच्या पैशांतून उभारलेल्या मूर्तींच्या चौथऱ्यांची ओळ दाखवली. एकेका दगडापाशी थांबून, घसा फाडून! चाळीस मिनिटं केव्हाच सरली. खिशात फोन मधमाशीसारखा गुणगुणत होता. गुणगुणू दे!

मैदानात आल्यावर बाउदेवेनसह अकरा जण खरोखरच धावले. पंचे सांभाळत, गुडघे कुरकुरत, दोनशे माणसांच्या टाळ्यांत. पानागोसने शिट्टी फुंकली. तिलाच इशारा समजून ते आणखी जोरात धावले.

तिनेके धावल्या नाहीत. त्या शर्यत सुरू होण्याच्या दगडी पट्टीवर अनवाणी उभ्या होत्या, पायाची बोटं खाचेत रुतवून.

"इथे कुणाचा तरी अंगठा टेकला असेल," त्या हळूच म्हणाल्या. "असाच. आणि पोटात असाच गोळा उठला असेल. मी पन्नास वर्षं शर्यतीत पोहतेय, हा गोळा मला माहीत आहे."

 मेरोपीबाईंनी तिनेकेंचा दंड धरला. तेलाने हात निसटला, ते वेगळं.

परतीच्या वाटेवर थ्रासोसने बस अशी हाणली, की ऑलिव्हची झाडं मागच्या मागे पळत सुटली. बोट सुटायला अकरा मिनिटं असताना ते धक्क्यावर पोचले. फीवोस तिथेच उभा होता. बाईंनी बसच्या पायरीवरूनच सुरुवात केली.

"फीवोस, माणसं मी चुकीची नेली, त्याची माफी मागते. पण अडीच तास नेली, त्याची मागणार नाही! आणि उद्या पुन्हा अडीच तासच नेईन, मग तू..."

"बाई, जरा थांबा," फीवोस रडकुंडीला येऊन म्हणाला. "आधी त्यांचं ऐका."

त्याच्या मागे स्कॉटलंडचे अडतीस शिक्षक उभे होते. उन्हाने उकडलेल्या खेकड्यांसारखे लाल, कपडे ओलेचिंब. पुढे मिस ड्रमंड, लॅटिनच्या निवृत्त शिक्षिका, चष्म्यावर मीठ साचलेलं. बाईंनी डोळे मिटले. ही तिसरी तक्रार!

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" मिस ड्रमंड किंचाळल्या. "तिथे पाण्याखाली शहर आहे!"

"कुठे?"

"त्या किनाऱ्यावर! फेआ! भूकंपात बुडालेलं बंदर! सरबतं विकणाऱ्या माणसाने बोटाने दाखवलं आणि आम्ही कपड्यांनिशी उतरलो. भिंती दिसतात हो, भिंती! माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस!"

फेआ. पुस्तकात बाईंनी वाचलं होतं. पण त्या किनाऱ्यावरून एकतीस वर्षं, आठवड्यातून चारदा, त्या खिडकी बंद करून गेल्या होत्या. "डुंबणाऱ्या लोकांची जागा," असं म्हणत. बाईंनी थ्रासोसकडे पाहिलं. थ्रासोस समंजस माणूस, तो टायर तपासायला लागला.

इकडे पंचेवाले म्हणू लागले, आम्हालाही ते बुडालेलं शहर हवं. तिकडे शिक्षक म्हणू लागले, आम्हालाही ते मैदान हवं. फीवोसच्या टॅब्लेटवर टिचक्या पडल्या. या माणसाला कधी झुकायचं, ते बरोबर कळतं.

"बाई, यादीत नाव राहील. अडीच तासही राहतील. पुढच्या गुरुवारपासून नवी सफर. सकाळी ऑलिंपिया, नंतर फेआ. बाजार गेला उडत. पण मार्गदर्शक एकच मिळेल. पाण्यात उतरून भिंती दाखवायच्या. पोहता येतं ना?"

"पोहता येतं ना?" बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी ग्रीक आहे! अरे, आम्ही समुद्र ओलांडून ट्रॉयपर्यंत गेलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आगिओस आंद्रेआसच्या किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. डोंगरातल्या अंद्रित्सेनात जन्मलेल्या मेरोपीबाई, काळ्या पोहण्याच्या पोशाखात, बिल्ला छातीवर टाचून, समुद्रात उभ्या होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी थ्रासोसची मान आवळली होती.

"सोडू नकोस! सोडलंस तर बघ! मी एकतीस वर्षं या समुद्राला भीक घातली नाही आणि आजही घालणार नाही!"

"नाही सोडत, बाई," थ्रासोस घुसमटत म्हणाला. "पण जरा पाय खाली टेकवा. पाणी गुडघ्यापर्यंतच आहे."