निघून न जाणारी गिऱ्हाइकं

सासऱ्यांचं केस कापायचं दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, हा निर्णय जावयाच्या गळ्यात पडला. कारण माणसांच्या रांगा कॉम्प्युटरमध्ये खोट्या-खोट्या चालवून बघायचा तो पगार घेत असे.

"बाबा उभे राहून थकतात. तुझं मॉडेल सांगेल तसं करू," बायको म्हणाली. सासरेही "चालेल" म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

सुट्टीच्या दुपारी जावई कामाला लागला. 'गिऱ्हाईक' नावाचा एक साचा केला. त्यातून हवी तितकी गिऱ्हाइकं काढता येत. 'न्हावी' हा दुसरा साचा. माणूस आला, खुर्चीत बसला, केस कापून झाले, एवढ्याच घटना. मधला रिकामा वेळ मॉडेल गाळूनच टाकतं. पडद्यावर निळे ठिपके तरंगत येऊ लागले आणि ते बघता बघता जावयाला गोड डुलकी लागली.

डोळे उघडले तर पडद्यावरचं दुकान तुडुंब भरलेलं. केस कापून झालेले ठिपके उठून पुन्हा बाकावरच बसत होते. 'निघून जाणे' ही घटना लिहायलाच तो विसरला होता. जीभ चावून त्याने ती ओळ घातली. दुकान भराभर ओस पडलं.

"बंद करा म्हणतंय," तो हिरमुसून म्हणाला.

"बाबांना तूच सांग," बायकोने अंग काढून घेतलं.

तो दुकानात गेला. बाकावर तिळभर जागा नव्हती.

"बसा जावईबापू. या सगळ्यांचं झालंय," सासरे म्हणाले.

खरंच, सगळी डोकी ताजी कापलेली. कुणी पंख्याखाली पेंगत होतं, कुणी आरशातल्या रस्त्याकडे बघत हरवलं होतं. खुर्चीतला उठला, मान झटकली आणि बाकावर येऊन टेकला.

"मग हे जातात कधी?"

"घरून कुणी बोलवायला आलं की." सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली. "काय म्हणतंय तुमचं मॉडेल?"

बाकाच्या कडेला कसंबसं टेकलेल्या जावयाला पंख्याचा वारा छान लागत होता. "मी एक ओळ उगाच घातली होती, बाबा. दुकान बंद करू नका. अजून एक बाक घ्या."

सासऱ्यांनी डोळे पुसले आणि डोळ्यात केस गेला म्हणाले.

उन्हं उतरल्यावर बायको जावयाला बोलवायला आली, तेव्हा मंडळींनी सरकून तिलाही जागा करून दिली.