व्हॉल्व्ह हा माझाच विषय

व्हॉल्व्हबद्दल मला कुणी शिकवू नये. गेली वीस वर्षं मी जलशुद्धीकरण प्रकल्पांसाठी व्हॉल्व्हच डिझाइन करतोय, आधी पुण्यात आणि आता सिडनीत. त्यामुळे दोन हजार एकवीसच्या जुलैत, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात आणि ऐन लॉकडाउनमध्ये, केलीव्हिलच्या आमच्या घरातले हीटिंगचे व्हॉल्व्ह गळायला लागले तेव्हा मला, खरं सांगतो, आनंदच झाला!

आमच्याकडे फरशीखालून गरम पाणी फिरतं आणि घर ऊबदार राहतं. कपडे धुवायच्या खोलीतल्या कपाटात पितळी व्हॉल्व्हच्या दोन ओळी आहेत. वरच्या ओळीतून पाणी एकेका खोलीकडे जातं, खालच्या ओळीतून परत येतं. त्यातले दोन व्हॉल्व्ह टपटपत होते. माझ्या बायकोने, अंजूने, प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, टपटप म्हणजे इमर्जन्सी नव्हे, लॉकडाउन उठला की येतो. मी म्हटलं, प्लंबर कशाला? घरात मी आहे ना.

माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती. तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे सव्वा वर्ष अडकली. थंडीने तिचे गुडघे धरतात, म्हणून दुरुस्तीची घाई होती. पण तिला गुडघ्यांपेक्षा मुलाचं कौतुक जास्त. तिने सांगलीच्या वीणामावशीला सांगून ठेवलं, की रविवारी गुरुदत्त स्वतः व्हॉल्व्ह दुरुस्त करणार आहे, व्हिडिओ कॉलवर बघ. मावशीने आणखी अकरा नातेवाईक गोळा केले.

मी नवा कोरा पाना हातात घेऊन आधी सगळ्यांना विषय समजावून सांगितला. त्यातच अर्धा तास गेला. मग सगळ्यात मोठा दिसणारा नट आवळला. दोन गळत होते, ते तीन झाले. आता पाच मिनिटं सेटल होऊ द्यायचं, असं जाहीर करून मी चहा टाकायला गेलो, म्हणजे खरं तर विचार करायला. परत येऊन बघतो तर सगळं कोरडं ठणठणीत! मावशीने टाळ्या वाजवल्या. एक काका म्हणाले, भारताने एक रत्न गमावलं. मी काही ते नाकारलं नाही.

संध्याकाळपासून घर गार पडायला लागलं. अंजूचा संशय व्हॉल्व्हवरच होता. मी तिला बजावलं, की दुसरं काहीही बिघडलं असेल, पण तिथे माझा हात फिरलाय. कपाटाच्या दारावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि स्वतःही ती काटेकोर पाळली. मग थर्मोस्टॅट उघडला. तो परत बसेना. मग पाइपात हवा अडकली असणार म्हणून बॉयलरजवळचा एक स्क्रू ढिला केला, तर काळंकुट्ट पाणी उडून अंजूने वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी रंगल्या. तिसऱ्या दिवशी अंजू जाकीट आणि कानटोपी घालून ऑफिसची मीटिंग करत होती. आई दोन शाली पांघरून बसली होती आणि विचारलं की म्हणायची, काही नाही रे, छान वाटतंय.

शेवटी अंजूने पुन्हा फोन केला. घरात म्हातारं माणूस आणि हीटिंग बंद, ही मात्र इमर्जन्सी ठरली. प्लंबर मास्क लावून आला. त्याने माझी चिठ्ठी वाचली, कपाट उघडलं आणि विचारलं, "मेट, हे सगळे बंद कुणी केले?"

आईला इंग्रजी बेताचंच येतं, पण प्रश्न कळला.

"मी केले," ती म्हणाली. "तू चहा टाकायला गेलास तेव्हा. ते गळतच होतं आणि वीणा बघत होती, म्हणून फोन भिंतीकडे वळवला आणि फिरवले."

"अगं, मग घर गार पडल्यावर तरी सांगायचंस!"

"तू इतका खूश होतास. आणि मला वाटलं, तुला कळेलच. व्हॉल्व्ह तुझाच विषय ना?"

मला खूप लाज वाटली आणि त्याहून जास्त तिचं प्रेम वाटलं. तीन दिवस ही बाई माझ्या अब्रूसाठी कुडकुडत बसली होती! प्लंबरने सगळे व्हॉल्व्ह उघडले, गळणाऱ्या तिन्ही व्हॉल्व्हच्या दांड्याजवळचा छोटा नट पाव फेरा आवळला आणि दोन मिनिटांत "नो वरीज" म्हणून गेला. मी आवळलेला नट वेगळाच होता.

संध्याकाळी फरशी गरम झाली आणि मावशीचा फोन आला. आईने तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की इथला प्लंबर मुद्दाम येऊन गुरुदत्तचं काम बघून गेला आणि त्यात एकही चूक काढली नाही. मावशी भारावली. तिच्या स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय, काय करावं ते गुरुदत्तलाच विचार, असं ती म्हणाली. आईने ऐटीत फोन माझ्या हातात दिला.

"मावशी," मी म्हटलं, "प्लंबरला बोलव."

वीस वर्षांच्या नोकरीत इतका अचूक सल्ला मी कुणालाही दिलेला नाही.