फ्लॅटहेडने मारलेली एका वर्षाची उडी

"नोलीन, घड्याळ एक तास मागे आहे!" प्रोफेसर डर्मट फेनविक दारातूनच गरजले. "उन्हाळी वेळ कालपासून सुरू झाली, आणि तुझी यंत्रं अजून हिवाळ्यातच झोपलीयेत!"

होबार्टच्या विद्यापीठातल्या सागरी भूशास्त्र विभागाची नऊ युनिक्स वर्कस्टेशने, म्हणजे ताकदवान संगणक, नोलीन प्रॅट सांभाळत असे. हे काम तिच्याकडे येण्याचे कारण एवढेच, की एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तिने न चिडता ओढून काढला होता. विभागातल्या विद्वानांना तिची योग्यता ओळखायला तेवढे पुरले. यंत्रांना माशांची नावे होती. त्यांतला फ्लॅटहेड हा म्होरक्या. सगळ्यांच्या फायली त्याच्या पोटात असत आणि बाकीची आठ यंत्रे वेळही त्यालाच विचारत. टास्मानिया राज्याने उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे करायची तारीख बदलली आहे, हे मात्र फ्लॅटहेडला कुणी कळवले नव्हते.

"आत्ता लावते," नोलीन म्हणाली.

महिना, दिवस, तास, मिनिट तिने बरोबर टाकले. पण पाठीशी उभे राहून फेनविक आपला एक तास कसा बुडाला याचे व्याख्यान देत होते. त्या भरात १९९४ च्या जागी १९९५ पडले. यंत्राने हूं की चूं केले नाही. नोलीन चहाच्या खोलीत गेली. बाराला पाच मिनिटे कमी होती.

फ्लॅटहेडवर 'तात्पुरते' नावाची एक सामाईक जागा होती. तीस दिवसांत कुणी हात न लावलेली फाइल तिथून रोज बाराच्या ठोक्याला आपोआप पुसली जाई. 'इथे महत्त्वाचे काही ठेवू नये,' अशी सूचनाही पडद्यावर ठळक येई. ती वाचून सगळे महत्त्वाचे नेमके तिथेच ठेवत, कारण तिथे जागा ऐसपैस होती. त्या दिवशी बारा वाजता फ्लॅटहेडने पाहिले, तर एकूण एक फाइल वर्षभर धूळ खात पडलेली! त्याने इमानेइतबारे झाडलोट केली.

नोलीनच्या हातातला लॅमिंग्टन केक तोंडापर्यंत जायच्या आत फेनविकांची किंकाळी आली.

"माझा अर्ज! संशोधनाच्या बोटीवर जागा मागायचा! बासष्ट पानं होती गं! गुरुवारी पाचच्या आत जायला पाहिजे!"

नोलीनने धावत येऊन पडद्यावरचे साल पाहिले.

"टेपवर नक्कल असेल ना?" फेनविकांनी विचारले.

"टेपवर 'तात्पुरते' सोडून सगळं असतं. तसं दर शुक्रवारी ई-मेलने पत्र पाठवते मी."

"ती पत्रं तू पाठवतेस? मला वाटायचं यंत्र आपोआप पाठवतं."

"मग?"

"मग मीही आपोआप पुसतो."

"तुझ्या कुत्र्याचे चाळीस फोटो मात्र सुखरूप आहेत, डर्मट. ते तू योग्य जागी ठेवलेस."

डिसेंबरात तिची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरणार होते. 'फाइल सिस्टिम बिघडली' एवढे म्हटले असते तरी सगळ्या विभागाने गंभीरपणे माना डोलावल्या असत्या. पण तिला ते जमले नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी साल चुकीचं टाकलं. पंच्याण्णव."

फेनविक जरा विचारात पडले. "म्हणजे अर्ज पुढच्या वर्षी सापडेल?"

ते थट्टा करताहेत का, हे नोलीनने त्यांच्या चेहऱ्यावर शोधले. करत नव्हते.

तीन दिवस ते सांगत राहिले आणि ती टंकत राहिली, कारण फेनविकांनी दोन बोटांनी टंकण्याइतका वेळ आता उरला नव्हता. बासष्ट पानांतले त्यांना फारसे आठवत नव्हते. जे आठवे, त्यावर नोलीन विचारी, "म्हणजे काय?" मग ते वैतागून साध्या भाषेत सांगत आणि ती तेच टंकून मोकळी होई. अर्ज चार पानांचा झाला. शेवटचे पान फेनविकांनी पेनने घाईघाईत भरले आणि पाचला दहा मिनिटे असताना फॅक्स गेला.

सहा आठवड्यांनी उत्तर आले. सहा वर्षे नकार देणाऱ्या समितीने बोट मंजूर केली होती. 'अर्जदाराला काय हवे आहे हे प्रथमच समजले,' असा शेराही होता. फेनविकांनी चहाच्या खोलीत थोडक्यात लिहिण्याच्या कलेवर पाऊण तास भाषण केले. आता डिसेंबरात नोकरीही वाचेल म्हणून नोलीननेही टाळ्या वाजवल्या. भाषण संपल्यावर त्यांनी पत्र तिच्या हाती दिले.

"यात माझं नाव का आहे?" तिने विचारले.

"शेवटच्या पानावर बोटीवर जाणारी तीन माणसं दाखवायची होती. दोन आठवली. तिसऱ्याच्या वेळी समोर तूच बसली होतीस."

"अरे, मला दगडातलं काय कळतं?"

"बोटीवर दोन वर्कस्टेशनं आहेत ना! पन्नास दिवस, दक्षिण महासागर. आता नाव बदललं तर अर्ज रद्द, असं लिहिलंय त्यात."

नोलीनने पत्र पुन्हा वाचले. पन्नास दिवस डर्मट, आणि उतरून जायला जमीन नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून एकदम तीन हाका आल्या, "नोलीन! नोलीन! अगं नोलीन!" त्या हाका अंटार्क्टिकापर्यंत पोचणार नाहीत, हे तिच्या हळूहळू ध्यानात आले.

"रबरी बूट बोटीवर देतात," तिने विचारले, "की घरून न्यायचे?"