कॅसेटची दुसरी बाजू

साखरपुड्याला बोळिंजहून आलेली मंडळी पोह्यांच्या बशा हातात घेऊन बसली, आणि नेमकं त्याच वेळी माडावरच्या कर्ण्यातून एक सासू आपल्या सुनेला उपाशी ठेवू लागली.

नर्मदाबाईंच्या हातातलं पानसुपारीचं तबक जागच्या जागी थांबलं. कॅसेट त्यांचीच होती. सांडोरच्या प्लासिड मास्तरांच्या बँडवर त्यांचा भारी जीव. घरातली तिन्ही लग्नं त्याच बँडनं वाजवलेली. त्या बँडनं गेल्या साली 'मळ्यातली गोदा' नावाची कॅसेट काढली. सुटी गाणी नव्हेत, गाण्यामागून गाणं अशी अख्खी गोष्ट. गोदा केळीच्या मळ्यात वाढते, मुलगा बघायला येतो, हळद लागते, वरात निघते. वरातीला क्लॅरिनेट असं रडायचं की नर्मदाबाई पदर डोळ्यांना लावायच्या, रीळ मागं फिरवायच्या आणि गोदाला पुन्हा मळ्यात आणून सोडायच्या. वर्षभर त्यांनी तेवढंच ऐकलं. कॅसेटला पाठ असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं नसतं, त्यामुळं कुणी त्या फंदात पडलं नाही. नातीच्या साखरपुड्याला सगळ्या आळीनं गोदाची गोष्ट ऐकावी म्हणून लाउडस्पीकर त्यांनीच बोलावला होता.

त्या तरातरा लाउडस्पीकरवाल्या सॅन्टनकडं गेल्या. "हे काय लावलंस रे?"

"तुमचीच कॅसेट, बाय. एक बाजू झाली, उलटी घातली. धंदाच हाय माझा."

"कुठली उलटी?"

सॅन्टननं त्यांच्याकडं असं बघितलं की नर्मदाबाईंनी पुढं विचारलं नाही.

मांडवात मुलाच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, बशी खाली ठेवली होती. "नर्मदाबाई, हे आम्हाला ऐकवायला लावलंय का?"

आता 'मला ठाऊक नव्हतं' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण ही गोष्ट मला तोंडपाठ आहे, असं त्यांनी चहाच्या आधीच दोनदा सांगून ठेवलं होतं.

"छे हो. गोष्ट कधी अर्धी ऐकतात का? पुढं सगळं गोड होतं."

कर्ण्यात सासूनं गोदाच्या पेटीला कुलूप घातलं.

"गोड कधी होतं?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"होतं. जरा दम धरा."

सासूनं तांदळाचा डबा उशाशी घेतला. मग तिनं गोदाला विहिरीवर धाडलं, तेही पोहरा न देता. ढोल असा वाजत होता की ऐकणाऱ्याला तो पाठीवर बसावा. आतल्या खोलीत सजून बसलेल्या मालननं, म्हणजे नातीनं, तोंडात पदर कोंबला. मुलगा तिला मनापासून आवडला होता, आणि मांडवात काय चाललंय हे तिला भिंतीतून कळत होतं.

"उद्या बोळिंजभर होईल," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "की मुलीकडच्यांनी सासुरवासाची गाणी लावून आम्हाला पोहे वाढले."

त्यांचे यजमान हरिभाऊ उठले. "अहो, बंद करा ते."

"करायचं नाही," नर्मदाबाई म्हणाल्या.

सॅन्टननं एकाचं ऐकून बटण दाबलं, दुसरीचं ऐकून परत दाबलं. टेपरेकॉर्डर मधेच घुसमटला आणि शेवया काढाव्यात तसं रीळ भसाभसा बाहेर आलं. गोदा विहिरीच्या काठावरच राहिली.

आता सुटलो, असं नर्मदाबाईंना वाटलं, तोच रुक्मिणीबाई म्हणाल्या, "पुढं काय झालं तिचं?"

"काय व्हायचं? सासूचे पाय धरले, माफी मागितली. झालं गोड."

"तसं नाही ते, आई."

सगळ्यांच्या माना वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात नर्मदाबाईंची सून, मालनची आई सरला उभी होती. लग्नाला वीस वर्षं झाली, पण चारचौघांत सासूचं बोलणं तोडायची तिची ही पहिलीच वेळ.

"गोदा घरी येते, सासूच्या हातात पळी देते. म्हणते, आजपासून तुमचं तुम्ही वाढून घ्या. आणि माहेरी निघून जाते. सासू तीन दिवस करपलेला भात खाते. चौथ्या दिवशी तीच चालत मळ्यात जाते, गोदाला घेऊन येते. शेवटी वरातीचंच क्लॅरिनेट वाजतं, पण या वेळी दोघी बरोबर चालतात."

रुक्मिणीबाईंनी खाली ठेवलेली बशी परत उचलली.

"मला आणायला कुणी आलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझी मीच परत गेले." मग त्यांनी हरिभाऊंकडं वळून सांगितलं, "बसा खाली. पोहे गार झाले. आणि सुपारी फोडायला घ्या."

मंडळी निघून गेल्यावर नर्मदाबाईंनी सुनेला ओसरीवर गाठलं.

"कधी ऐकलीस ही पाठ?"

"तुम्ही होळीच्या बाजारात भाजी घेऊन जाता तेव्हा."

"रोज?"

"शुक्रवार सोडून."

"शुक्रवारी काय उपास असतो?"

"नाही, आई," सरला बशा गोळा करत म्हणाली. "शुक्रवारी कॅसेट आळीतल्या बाकीच्या सुनांकडं असते."

नर्मदाबाई खाटेवर टेकल्या. गेलं वर्षभर आळीतल्या सगळ्या सासवा आपापलं ताट आपणच का वाढून घेतायत, हे कोडं त्यांना आज सुटलं.