पुलाअलीकडचे मामा

शेवंताआक्का मांडीवर सूप घेतल्याशिवाय व्हिडिओ गेम खेळू शकत नाही. खेळाचा रिमोट सुपात, दोन्ही हात सुपात आणि नजर टीव्हीवर. सूप काढून घेतलं की तिचा अंगठा चुकतो. मी एकदा मुद्दाम काढून पाहिलं. पडद्यावरचा एक उमदा गडी लांडग्याच्या तावडीत सापडून आडवा झाला आणि आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

निपाणीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. आक्काने चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या, रोजच्या हजार. मी दवाखान्यात नर्स असल्यामुळे गल्लीतला प्रत्येक खोकला मला आवाजावरून ओळखू येतो. तिचा ऐकला आणि मीच तिला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. यापुढे तंबाखूला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. तिने ऐकलं, पण हात स्वस्थ बसेनात. घरातले तांदूळ निवडून झाले, तशी ती माझे निवडायला लागली. मग शेजारणींचे. शेवटी तिचा मुलगा सुनील, जो बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात आहे, एका रविवारी मित्राकडचं जुनं मशीन घेऊन आला आणि टीव्हीला जोडून गेला. म्हणाला, "बोटं चालू देत आईची."

खेळ भलताच लांबलचक आहे. चार माणसं पायी निघालेली असतात आणि शेवटी एका राक्षसाला मारायचं असतं. पण तो राक्षस राहतो लांब, आणि दर दहा पावलांवर दुसरंच कुणीतरी आडवं येतं. वाजंत्री वाजते आणि पाळीपाळीने मारामारी सुरू होते. आपण एक फटका मारायचा, मग त्याने मारेपर्यंत गप उभं राहायचं. इतकी शिस्त मी दवाखान्यातल्या रांगेतही पाहिलेली नाही. जिंकलं की चिमूटभर ताकद मिळते. अशा पुष्कळ चिमटी साठल्या की एक लेवल वाढते. सुनीलचा मित्र याच कंटाळ्यापायी मशीन देऊन मोकळा झाला होता.

"कंटाळा कसला त्यात?" आक्का म्हणते. "हजार बिड्या वळल्यात मी. हजार गोळं मारायला काय लागतंय?"

गोळे म्हणजे पहिल्या रानात भेटणारे हिरवे, लिबलिबीत प्राणी. पंचवीस मेले की आक्का "एक कट्टा झाला" म्हणते, पाणी पिते आणि पुढचा कट्टा सुरू करते. पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधायची सवय.

सगळी अक्षरं इंग्रजी, त्यामुळे चौघांची बारशी तिनेच केली. तलवारवाला तो पाटील. जादू करणारी चष्मेवाली मास्तरीण. कुलपं उघडणारा बाळ्या. आणि पांढऱ्या दाढीचे, काठी टेकत सगळ्यांच्या मागून येणारे मामा. मामांच्या हातात औषधपाणी असतं, म्हणून माझा त्यांच्यावर थोडा लोभ आहे.

या खेळात लोकांच्या घरात शिरून कपाटं उघडायची, मडकी फोडायची आणि सापडेल ते घेऊन चालू पडायचं असतं. तशी रीतच आहे म्हणे. आक्काने एकही कपाट उघडलेलं नाही.

"घरात मानूस उभा हाय, त्याच्या म्होरं त्याचं कपाट उघडू? लाज हाय का न्हाय?"

"आक्का, त्यात चांगली ढाल आहे म्हणे."

"त्याची हाय ती. त्येला लागंल की."

मात्र गावात शिरली की ती दारोदार जाऊन प्रत्येकाची विचारपूस करते. ती माणसं दर वेळी तेच एक वाक्य बोलतात. मी म्हटलं, काय उपयोग? "आपल्या गल्लीतल्या पारूचं काय येगळं हाय? तिच्याशी बोलतुयाच की," आक्का म्हणाली. खेळातल्या दुकानदाराशी मात्र ती कन्नडमध्ये बोलते. "येष्टु? कम्मी माडी!" म्हणजे, केवढ्याला, कमी करा! बाजारात कन्नड बोलल्याशिवाय भाव उतरत नाही, हा तिचा अनुभव. तो दुकानदार अजून तरी उतरलेला नाही.

आता मुद्द्याचं. पहिलं रान संपलं की एक पूल लागतो. लोक तो दहा-बारा लेवलला ओलांडतात. आक्का आठ महिने पुलाच्या अलीकडेच होती. रोज दुपारी जेवण झालं की सूप, रिमोट आणि गोळे. पाटील, मास्तरीण, बाळ्या यांच्याकडे तिचं फारसं लक्ष नव्हतं. ताकदीची प्रत्येक मुळी, प्रत्येक घोट मामांना. गोळा समोर आला की मामा नुसती काठी उगारायचे आणि गोळा वाफ होऊन जायचा. तरी आक्काचं चालूच. "अजून जरा हुं दे."

मी सुनीलला फोन लावला. "अरे, तुझी आई पूल का ओलांडत नाही?"

तो हसला. "पुलावर मामा मरत्यात, सिस्टर. गोष्टच तशी हाय. लेवल नऊ असू दे न्हायतर नव्वद." मग म्हणाला, "आणि तिला सांगा, पुलाअगोदर मामांच्या अंगावरचं सगळं काढून घे म्हणावं. त्यांच्याबरोबर गेलं की परत मिळत न्हाय. समदे काढूनच घेत्यात."

मला हे पटलं. आम्हीसुद्धा पेशंटला ऑपरेशनसाठी आत नेताना अंगावरचं काढून नातेवाइकांच्या हातात देतो. आणि आठ महिने एका बाईने खोट्या आशेवर गोळे मारत बसावं, हे मला बघवेना. दुपारी सुट्टी होती. सरळ तिच्या घरी गेले.

"आक्का, मामा मरणार. कितीही ताकद दे."

"म्हायत हाय की," तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. "सुन्यानं पयल्याच दिशी सांगितलंय. त्याच्या तोंडात काय ऱ्हातंय व्हय?"

मी खुर्ची ओढून बसले. "मग हे सगळं कशाला?"

"मरायचा त्यो मरंल. पर आमी कमी पडलो म्हणून मेला, असं व्हायला नगं."

मी कामाचं बोलले. "बरं. मग निदान अंगावरचं तरी काढून घे. कोट, अंगठी, सगळं. वाया जाईल."

आक्काने रिमोट सुपात ठेवला. पहिल्यांदाच तिने खेळ मध्येच सोडून माझ्याकडे बघितलं.

"ह्यास्नी बेळगावच्या दवाखान्यात न्हेलं, तवा लई थंडी व्हती," ती म्हणाली. ह्यास्नी म्हणजे तिच्या नवऱ्याला. मी निपाणीत बदलून येण्याआधीची गोष्ट. "सुन्यानं पयल्या पगारात सेटर आणलाता. मी पेटीत ठिवला. म्हटलं, दवाखान्यात कोन उचलून न्हेलं म्हंजे? जुनी चादर दिली गुंडाळून. चार दिस व्हते तिथं. सेटर हाय अजून. घडी मोडली न्हाय."

दवाखान्यात सामान हरवतं हे खरंच आहे. मी रोज बघते.

आक्काने रिमोट उचलला. "पाटील, कोट काढ," ती म्हणाली आणि पाटलाच्या अंगावरचा केसाळ कोट मामांना चढवला. मास्तरणीचे हातमोजे, बाळ्याचे बूट, एक हास्यास्पद कानटोपी, सगळं मामांना. मामा दिसेनासे झाले. पाटील नुसत्या बंडीवर उभा राहिला.

"पाटलाला राक्षस खाईल की गं," मी म्हटलं.

"तरणा हाय त्यो. मिळवंल पुन्यांदा."

आणि तिने पूल ओलांडायला घेतला. मधोमध धूर झाला, काळं काहीतरी आलं. मामांनी काठी उगारलीसुद्धा नाही, खेळाने उगारूच दिली नाही. ते गुडघ्यावर बसले. पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली.

"वाच की गं शिस्टर. काय म्हनतोय त्यो?"

मी चष्मा लावला. राज्य, शपथ, उद्याचा सूर्य, असलं तीन ओळी लांब काहीतरी होतं.

"थंडी अजिबात वाजत नाही म्हणतायत," मी सांगितलं.

"व्हय?"

"व्हय. तसंच लिहिलंय."